औषधांचे जलीय विच्छेदन

औषधाच्या रेणूची पाण्याशी रासायनिक विक्रिया होऊन बंध तुटणे, यास जलीय विच्छेदन म्हणतात. एस्टर व अमाइड बंध असलेल्या औषधांत ते विशेष आढळते. दमट हवेत राहिलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्यांना येणारा व्हिनेगरसारखा वास हे त्याचेच लक्षण होय.

पेनिसिलीन हे याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण. पिंपरी (जि. पुणे) येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून त्याचे उत्पादन सुरू झाले. इंजेक्शनाचे बेंझिल पेनिसिलीन कुपीत कोरडे चूर्ण म्हणून भरतात. याचे कारण रेणूतील चार अणूंचे ताणलेले बीटा-लॅक्टम वलय. पाण्यात ते हळूहळू उघडून पेनिसिलॉइक अम्ल बनते आणि जंतुनाशक गुण नाहीसा होतो. या अम्लाने विद्रावाचे पीएच मूल्य उतरते. ते ६ च्या खाली गेले की विघटन अधिकच वेग घेते. यासाठी चूर्णात पुष्कळदा सोडियम सायट्रेट मिसळतात.

तापमान १०° से.ने वाढले की अशा विक्रियांचा वेग सामान्यतः दोन ते तीन पट होतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४०° से.च्या आसपास जातो. शीतकपाटातील ८° से.च्या मानाने तेथे उघड्यावर राहिलेल्या विद्रावात विघटन सुमारे ९ ते ३३ पट वेगाने होईल. नुसत्या डोळ्यांनी हा ऱ्हास ओळखता येत नाही. रुग्णाला मात्र अपुरी मात्रा मिळते. त्यामुळे पाणी शक्यतो इंजेक्शन देण्याच्या वेळीच घालतात. बेंझाथीन पेनिसिलीन पाण्यात अत्यल्प विरघळत असल्याने त्याचे निलंबन पुष्कळ अधिक टिकते.