पर्णहीन फांद्यांवरचा वसंत

फाल्गुनात सह्याद्रीच्या उतारावरील रान प्रथमदर्शनी उजाड भासते. साग, ऐन, मोई यांची पाने गळून गेलेली असतात, ओढे आटलेले असतात आणि पायाखाली पाचोळा करकरत असतो. अशा रानात फुले पाहावयास जावे, असे सुचविले तर नागरी मनुष्य साशंक होतो. वसंत म्हणजे त्याच्या लेखी बागेतील मोगरा आणि आमराईतील मोहोर. जाणत्या मार्गदर्शकासमवेत केलेली एका सकाळची वनफेरी ही शंका दूर करते.

अशा वनफेरीसाठी दूर जावे लागत नाही. मुंबई आणि ठाणे या शहरांच्या मधोमध, १०० चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक क्षेत्रावर, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. तेथील शिलोंडा पायवाटेवर परवानगी घेऊन मार्गदर्शकासह जाता येते. १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीही निसर्गफेऱ्यांचे आयोजन करते.

अनुभवी मार्गदर्शक फेरीच्या आरंभी वर पाहावयास सांगत नाही. तो जमिनीकडे बोट दाखवितो. पाचोळ्यावर तळहाताएवढे जाड पाकळ्यांचे तांबडे फूल पडलेले दिसले, की काटेसावर जवळच उभी आहे असे समजावे. पुंकेसरांचा ओलसर झुबका पडलेला असेल, तर तो कुंभ्याचा. कुंभा रात्री उमलतो व सकाळी गळतो. उशिरा उठणाऱ्याला तो खाली पडलेलाच भेटावयाचा! मग मान वर करावी. पळस, पांगारा आणि कौशीची नारिंगी नळीसारखी फुले निष्पर्ण फांद्यांवर दाटलेली असतात. कुसुमाच्या झाडाजवळ मात्र नवखा हमखास फसतो. दुरून लालभडक दिसणारी ती फुले नसून कोवळी पालवी असते.

पाने गळण्याच्या ऐन हंगामातच हा बहर का यावा, हा प्रश्न प्रत्येक फेरीत कोणीतरी विचारतोच. पानांवाटे पाण्याचे सतत बाष्पीभवन होत असते. पाऊस संपून चार-पाच महिने लोटल्यावर हा खर्च वृक्षाला परवडत नाही, म्हणून तो पाने टाकतो आणि खोडात व मुळांत साठविलेल्या पाण्यावर फुलतो. आड येणारे पानच नसल्याने तांबडा रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. पळस-पांगाऱ्याला सुगंध नाही, कारण त्यांचे पाहुणे वासाने नव्हे, रंगाने येतात. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर यांना भरपूर मध मिळतो आणि त्यांच्या डोक्याला लागलेले पराग झाडोझाडी पोहोचतात. पळसाची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी असते. ‘हा पोपट तर नव्हे?’ असे विचारणारे ‘किंशुक’ हे त्याचे संस्कृत नाव किती नेमके आहे, हे झाडाखाली उभे राहिल्यावरच पटते. पुढे सावरीची बोंडे उकलून कापूस उडतो, पळसाची चपटी, हलकी शेंग वाऱ्यावर जाते आणि पहिल्या पावसाआधी बी जमिनीवर पोहोचलेले असते.

इंग्लंडमधील ओकच्या वनात याच्या उलट घडते. तेथे वसंतात वृक्षांची पालवी दाट होण्याआधी मिळणाऱ्या उन्हात जमिनीवर निळ्या ब्लूबेलची फुले पसरतात. आपल्याकडे जमिनीची पाळी पावसाळ्यात येते. फाल्गुनात रानहळदीचा कंद मातीखाली निद्रिस्त असतो.

परंतु ही सुकी जमीन रिकामी नसते. गळलेली सावरीची फुले चितळे आवडीने खातात. तेथेच पुढच्या पिढीचे बीही पडावयाचे असते. वणव्याची खरी हानी येथे होते, आणि ती सहसा लक्षात येत नाही. चांगले गवत उगवेल या समजुतीने कोणी आग लावतो, कोणाची विडी पाचोळ्यात पडते. मोठी सावर जाड सालीमुळे बहुधा तगते, पळसाला खालून पुन्हा धुमारे फुटतात आणि पुढच्या वर्षी रान पूर्वीसारखेच फुललेले दिसते. मात्र कोवळी रोपे आणि जमिनीवरील बी जळून गेलेले असते. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले, तर जुनी झाडे फुलत राहतात आणि त्यांच्या जागी येणारे कोणी उरत नाही. कोकणातील काही गावांत होळीसाठी शेवर, म्हणजे हीच सावर, तोडतात. तीही नेमकी तिच्या फुलण्याच्या दिवसांत. एका झाडाऐवजी दोन रोपे लावण्याची प्रथा गावकऱ्यांनीच सुरू केल्यास सणाला बाध येणार नाही.

राष्ट्रीय उद्यानात फूल तोडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार निषिद्ध आहे. पडलेले फूल हातात घेऊन न्याहाळावे आणि तेथेच ठेवावे. गडद कपडे, पाण्याची बाटली आणि मौन एवढी सामग्री पुरे. उन्हे तापण्यापूर्वी फेरी संपवावी. परतताना मात्र मोठ्या झाडाखाली क्षणभर वाकून त्याची रोपे दिसतात का, हे अवश्य पाहावे. ज्यांचा फाल्गुन हुकला, त्यांच्यासाठी वैशाखात पिवळा बहावा आहेच.