दारचा शिरीष

रस्ता रुंद करताना आमच्या दारचा शिरीष गेला. पौषात वाऱ्यावर खुळखुळणाऱ्या त्याच्या मूठभर शेंगा आजीने फडताळात जपून ठेवल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या बिया मी थंडीतच अंगणात पेरल्या. एकही उगवली नाही! कॉलेजच्या माळीकाकांनी कारण सांगितले : बियांचे कवच इतके टणक, की पाणी आत शिरतच नाही, शिवाय गारठ्यात अंकुर धरत नाही.

उरलेल्या बियांवर मी कढत पाणी ओतून त्या रात्रभर भिजविल्या. ज्या फुगल्या नाहीत त्यांची एक कड सहाणेवर घासून पुन्हा भिजत घातल्या. तळाला भोके पाडलेल्या डब्यांत माती, वाळू व शेणखत समप्रमाणात भरून बिया एक सेंटिमीटर खोल पेरल्या आणि डबे चुलीजवळच्या उबेला ठेवले. बाराव्या दिवशी कोंब दिसला. लगेच डबे खिडकीच्या उन्हात हलविले. उजेडावाचून रोप नुसतेच लांबट व लेचेपेचे होते.

मित्रहो, हिवाळ्यात घरात रोप तयार केले, तर मृगाच्या पावसाला ते लावण्याजोगे होते. माझी सात रोपे तयार आहेत; एक कॉलेजच्या आवारासाठी राखले आहे. आजी मात्र रोज विचारते, "सावली कधी पडायची रे?"