थकलेल्या पायांनी धावण्याची स्पर्धा

गेल्या महिन्याभरात तीन तरुण निरनिराळ्या दिवशी माझ्या दवाखान्यात आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता. "डॉक्टर, हायरॉक्सला नाव घातलंय. वेळ कमी करायचाय. कोणती पावडर घेऊ?" तिघेही जिममध्ये नियमाने जाणारे, दंड-छाती बघत राहावी अशी. पण सलग दोन किलोमीटर पळायला सांगितले की चेहरे उतरतात. पावडरीचे नंतर बघू. ही स्पर्धा काय आहे ते घरच्या वडीलधाऱ्यांनाही कळायला हवे, कारण तयारीचा खर्च आणि काळजी बहुधा त्यांच्याच वाट्याला येते.

हायरॉक्सची पहिली स्पर्धा २०१८ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात झाली. आपल्याकडे ती मे २०२५ मध्ये मुंबईत आली. एक किलोमीटर धावायचे, मग एक ताकदीचे काम करायचे, असे आठ वेळा. आठ कामे ठरलेली असतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला असतो. उभ्याने दोन्ही हातांनी दोऱ्या खाली खेचण्याचे यंत्र १००० मीटर, वजन लादलेली घसरगाडी ५० मीटर ढकलणे, तशीच गाडी दोरीने ५० मीटर ओढणे, छाती जमिनीला टेकवून उठून पुढे उडी मारत ८० मीटर जाणे, वल्ही मारण्याचे यंत्र १००० मीटर, दोन हातांत दोन वजने घेऊन २०० मीटर चालणे, खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन दर पावलाला मागचा गुडघा टेकवत १०० मीटर जाणे, आणि शेवटी बैठक मारून उठताना जड चेंडू भिंतीवरच्या खुणेवर फेकणे, असे शंभर वेळा. खुल्या गटात ढकलायची गाडी पुरुषांना १५२ किलो आणि स्त्रियांना १०२ किलो असते.

हे आकडे ऐकले की मुले वजनाच्या मागे लागतात. पण नुसता हिशेब करा. सर्वसाधारण स्पर्धकाला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक वेळ आठ किलोमीटर धावण्यात जातो. शिवाय हे ताज्या पायांचे धावणे नव्हे. गाडी ढकलताना मांडीचे स्नायू इतके आवळलेले असतात की त्यांच्यातला रक्तप्रवाह दबतो. पुरेसा प्राणवायू न मिळता काम करावे लागते आणि स्नायूंतील आम्लता वाढते. चुलीत लाकडे भराभर कोंबली आणि वारा पुरला नाही की धूर होतो, तसेच हे. तो धूर पुढच्या किलोमीटरमध्ये धावता धावता बाहेर काढायचा असतो. ज्याचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि ज्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट आहे, त्याचा धूर लवकर निघतो. दुसरा चालायला लागतो.

हे जाळे दाट करण्याचा उपाय इतका साधा आहे की तरुणांना तो पटत नाही. हळू धावा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे इतके हळू. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटांपासून सुरू करून दोन-तीन महिन्यांत तासापर्यंत न्या. मैदानावर पोलीस भरतीची मुले सपासप पुढे जात असताना असे पळायला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. वाटू द्या. पाया बसला की त्या तीन दिवसांपैकी एक दिवस वेगाचा करा: एक किलोमीटर जोरात, तीन मिनिटे चालणे, असे चार-पाच वेळा. रोज जीव तोडून पळणाऱ्याची वेळ सुधारत नाही, नडगीचे हाड मात्र दुखू लागते. असे रुग्ण माझ्याकडे दर भरतीच्या आधी येतात.

सर्वांत उपयोगी सराव आठवड्यातून एकदाच करायचा. चाळीस बैठका मारा आणि दम न खाता लगेच एक किलोमीटर धावा. पहिली दोनशे मीटर पाय आपले नाहीतच असे वाटेल. ते सोसून चाल पुन्हा कशी पकडायची, हे शरीर अशा चार-पाच फेऱ्यांतूनच शिकते. महागडी साधने लागत नाहीत. जुन्या टायरला दोर बांधून शेतातून ओढा. पाण्याने भरलेले वीस लिटरचे दोन कॅन उचलून चाला. ज्वारीची वीस किलोची पिशवी खांद्यावर चालते, तोंड मात्र घट्ट शिवा. वजनांचा व्यायाम बंद करू नका. आठवड्यातून दोन दिवस पुरे, आणि त्यात छातीपेक्षा मांड्या, पाठ व हाताची पकड यांना मान द्या.

आता पावडर. व्हे पावडर म्हणजे पनीर करताना जे पाणी उरते त्यातलीच प्रथिने. डाळ, दूध, अंडी, चणे, शेंगदाणे पोटभर खाणाऱ्याला तिची गरज क्वचितच पडते. पावडरीच्या डब्याआधी रक्ताची साधी तपासणी करा. प्राणवायू वाहून नेते ते हिमोग्लोबिन. पुरुषांत ते १३ च्या आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर कितीही पळा, दम अपुराच राहणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले होते. स्पर्धेला उतरणाऱ्या मुलींनी ही तपासणी टाळूच नये. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, कोणत्याही डब्यापेक्षा त्या स्वस्त पडतात.

शेवटचा आठवडा सराव निम्म्यावर आणा. स्पर्धेच्या दिवशी तीन तास आधी पोहे किंवा भात, वर एखादे केळे. नवीन काही खाऊ नका. पहिला किलोमीटर सगळ्यांच्या अंगात वारे असते. तेव्हा मुद्दाम मागे राहा, पाचव्या किलोमीटरनंतर बरेच जण परत भेटतात. गाडी ढकलताना हात ताठ, अंग खाली, पावले छोटी ठेवा. शंभर चेंडू एका दमात फेकायला जाऊ नका. हात गळून पडण्याआधीच थांबा, वीस-वीस करून पाच श्वास घ्या.

काही जणांनी मात्र आधी डॉक्टरांना भेटावे. चाळिशी उलटलेले, मधुमेह वा रक्तदाब असलेले, घरात कमी वयात हृदयविकाराने कोणी गेलेले, आणि धावताना कधी छातीत दुखलेले किंवा चक्कर येऊन पडलेले. अशांचा झोपवून काढलेला इसीजी चांगला आला तरी तेवढ्यावर मी होकार देत नाही. अंगात ताप असताना तर कोणीच धावू नये. विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूला आलेली असू शकते. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेण्याची नवी सवय दिसते. घाम गाळलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते.

स्पर्धेनंतर दोन-तीन दिवस पाय दुखणारच, त्याला औषध नको. पण मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातला रंग रक्तात उतरलेला असतो. त्याने मूत्रपिंडे बंद पडू शकतात. अशा वेळी सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालय गाठा.