वस्तीचा नकाशा लेकरांच्या हाती

साथ आली की आपण दवाखान्याच्या रांगेत उभे राहतो. पण पाणी कुठे साचले, नाली कुठे तुंबली, हे कुणी लिहून ठेवत नाही. हे काम आपली शाळेत जाणारी मुले करू शकतात.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने सहाशेवर माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, तर ती ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेली दिसली. कोलकात्याची ऋषी अरविंद कॉलनी सरकारी नकाशावर नव्हतीच. तिथल्या मुलांनी 'प्रयासम' संस्थेच्या साथीने घरे मोजून नकाशा केला आणि पोलिओ डोससाठी घरोघरी निरोप दिले.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हत्तीरोग आहे. तो पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो. म्हणून करडीतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी एका रविवारी बुद्धविहारापासून सुरुवात करावी. मोबाईलच्या गूगल मॅप्सवर त्या जागी बोट दाबून धरले की खूण उमटते. ती नाव देऊन जतन होते. तीन गोष्टी टिपाव्यात: तुंबलेली नाली, शौचालयाचा जाळी नसलेला गॅसपाइप आणि घाणीपासून १५ मीटरच्या आतली विहीर किंवा हातपंप. मग तेच मोठ्या कागदावर काढून विहारात लावावे.

एक गोष्ट आम्ही बजावून सांगतो. रुग्णाचे घर नकाशावर टाकू नका. हत्तीपाय किंवा सिकलसेलची चर्चा झाली की मुलीची सोयरीक अडते, हे आम्ही नर्सिंगच्या नोकरीत पाहिले आहे. मात्र तपासणी टाळू नका. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आल्या की जेवून, कर्मचाऱ्यासमोरच घ्या. दोन वर्षांखालील बाळे, गरोदर बाया आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.

'नाली साफ करा' असा नुसता अर्ज पडून राहतो. नकाशा जोडला की कुठली नाली, कुणाच्या घरामागे, हे समोर दिसते. अर्ज ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या, ग्रामसभेत मुलांनाच बोलू द्या. महिन्याने तीच मुले पुन्हा फिरून काय बदलले ते नोंदवतील. गॅसपाइपला जाळी बांधायला मात्र कुणाची वाट पाहू नका.

पाण्यावरचा हक्क बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला बजावला. आपल्या दारातले पाणी कसे आहे, हे तपासायला आता आपली लेकरे शिकोत.

जय भीम!