याद्या आधी, मांडव नंतर

कात्रजच्या आसपास लग्न करण्यामागे सरळ गणित असतं. मुलीकडचे धनकवडी, बिबवेवाडी, आंबेगावचे; मुलाकडचे भोर, वाई, सातारा, कराडकडचे. दोघांच्या सोयीचं ठिकाण म्हणजे सातारा रस्त्याचं पुण्याकडचं तोंड. गावाकडून वऱ्हाड घेऊन आलेल्या बसला शहरात शिरावं लागत नाही आणि पेठांमधली मंडळी स्वारगेटहून पीएमपीने थेट येऊ शकतात. त्यामुळे सातारा रस्ता, आंबेगाव, कात्रज-कोंढवा रस्ता या पट्ट्यात मंगल कार्यालयं आणि लॉन्स उभी राहिली. तिथे लग्न असलेल्या घरात शेवटच्या आठवड्यात डोकावलं, तर कामं बहुतेक मार्गी लागलेली असतात. अडलेलं असतं ते वेगळंच. हळद एकत्र करायची की आपापल्या घरी? मानाचे फेटे किती? विहिणीच्या पंगतीचा खर्च कुणाचा? हे कुणी ठरवलेलं नसतं आणि कुणाला विचारायचं हेही माहीत नसतं. सगळ्यांची झोप उडते ती इथे.

यावर आपल्याकडे जुनी सोय आहे, याद्यांची बैठक. सुपारी फुटली की दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात, कुणी काय करायचं ते कागदावर उतरवतात आणि खाली सह्या होतात. या बैठकीचं नाव खराब झालं, कारण त्या कागदावर सोनं, गाडी आणि रोख रक्कम येऊन बसली. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा मागणं, देणं आणि घेणं हे तिन्ही गुन्हे ठरवले, तरी ‘आमचं काही मागणं नाही, तुमच्या मुलीला हौसेने काय द्याल ते द्या’ या वाक्याआडून तो चालूच राहिला. ज्या बैठकीत हे वाक्य येईल, तिथून मुलीच्या घरच्यांनी उठावं. पुढच्या सगळ्या ताणाचं मूळ तिथे असतं, आणि त्या ताणाने मुलींचे जीव गेले आहेत. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. मोजके पाहुणे, डीजे नको, लग्न वेळेवर, असे तिचे मुद्दे होते. इतक्या साध्या गोष्टी समाजाला एकत्र बसून ठरवाव्या लागल्या, यावरून त्या एकेका घराला एकट्याने पाळणं किती जड जातं ते कळतं.

देण्याघेण्याचा भाग काढून टाकला, तर याद्यांइतका उपयोगी कागद लग्नघरात दुसरा नाही. फक्त बैठकीला नवरा-नवरी दोघं हवीत. पूर्वी ती आतल्या खोलीत असत. आज कमावणारी आणि बऱ्याचदा खर्चाचा वाटा उचलणारी हीच दोघं असतात. कागदावर सर्वांत आधी एकूण खर्चाचा आकडा लिहावा, आणि कर्ज न काढता किती जमेल त्यावरून तो ठरवावा. मग तो दोन घरांत कसा वाटायचा ते. त्यानंतर कार्यालय, जेवण, फोटो, गुरुजी, दागिने, बस्ता. शेवटी सगळ्यांत महत्त्वाची ओळ: दोन्हीकडून अखेरचा शब्द कुणाचा. प्रत्येक बाजूने एकच नाव. मावशी, आत्या, काका सल्ला देतील आणि तो प्रेमानेच असेल, पण केटररला फोन करणारा माणूस एकच असला पाहिजे.

केटररशी बोलताना पानाच्या भावावर सगळे घासाघीस करतात, आणि किती पानांची हमी द्यायची यावर कमी बोलतात. खरा पैसा तिथे जातो. पाचशेची हमी दिली आणि साडेतीनशे जेवले, तरी बिल पाचशेचंच. म्हणून आधी माणसांची यादी, मग पानं, मग कार्यालय. आपण नेमकं उलटं करतो. मोठं कार्यालय धरतो आणि ते रिकामं दिसू नये म्हणून पत्रिका वाटत सुटतो. कार्यालयाच्या करारातही भाड्यापेक्षा बारीक ओळी वाचाव्यात: ताबा किती वाजता मिळणार आणि कधी सोडायचा, वीज-जनरेटर-सफाई वेगळी की धरून, बाहेरचा केटरर चालतो का, तारीख बदलली तर अनामत परत मिळते का.

तारखेचंही असंच. चातुर्मासात मुहूर्त नाहीत म्हणून तुळशीच्या लग्नानंतर सगळे एकदम धावतात. त्यात अधिक मास आला की दाटी आणखी वाढते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे मेच्या सुट्टीचा अर्धा हंगाम गेला. ज्या घरांना चालतं त्यांनी गुरुजींकडून काढीव मुहूर्त घ्यावा किंवा आठवड्याच्या मधला वार धरावा. कार्यालय, घोडा, बँड, ब्यूटिशियन, सगळ्यांशी बोलणं सोपं होतं.

मुहूर्ताबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. पंचांग बघून बारा पस्तीसची वेळ काढायची, पत्रिकेवर छापायची, आणि अक्षता पडायच्या दोन वाजता. मधल्या वेळात फेटे, सत्कार, नेत्यांची वाट पाहणं आणि माइकवरून एकेकाचे शुभाशीर्वाद. तोवर लहान मुलं आणि मधुमेह असलेली म्हातारी माणसं उपाशी बसलेली असतात. याद्यांमध्ये एक ओळ अशीही असावी: सत्कार अक्षता पडल्यानंतर, भाषणं नाहीत, मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांची नावं आधी ठरलेली.

कात्रजला वेळ पाळायची तर रस्ताही हिशेबात धरावा लागतो. चौकातल्या उड्डाणपुलाचं आणि कोंढवा रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं, आणि लग्नाच्या दाट तिथीला खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासूनच गाड्यांची रांग लागू शकते. साताऱ्याकडच्या वऱ्हाडाला मुहूर्ताच्या वेळेऐवजी नाश्त्याची वेळ कळवावी. नवरदेव, गुरुजी आणि पूजेचं सामान यांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला यावं. गोरज मुहूर्त असेल तर रात्री दहाची मर्यादा लक्षात ठेवायची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे वरात आधी आटपेल असं बघावं.

साध्या लग्नाचा विषय निघाला की ‘लोक काय म्हणतील’ हे येतंच. पुण्याने याचं उत्तर फार आधी दिलं आहे. २५ डिसेंबर १८७३ रोजी याच शहरात सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. सावित्रीबाई फुले यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. भटजी नव्हते, मोठा खर्च नव्हता. वधूवरांनी एकमेकांना वचनं दिली आणि लग्न लागलं. तेव्हा लोक जे म्हणत होते ते आजच्या नातेवाइकांच्या बोलण्यापेक्षा कितीतरी जहाल होतं, तरी ती माणसं ठाम राहिली.

नवरीकडे तर लग्नाच्या आधीच्या महिन्यात कुणी बघतच नाही. एका आठवड्यात पाच-पाच केळवणं, प्रत्येक ठिकाणी श्रीखंड-पुरी किंवा पुरणपोळी, मध्ये ऑफिस, लक्ष्मी रोडच्या चकरा, रात्री मेंदी. चार जवळच्या घरांनी मिळून एकच केळवण करावं. प्रेम तेवढंच पोचतं. लग्नाच्या दिवशी उपास धरायची रीत असेल तर दूध, केळी, खजूर, नारळपाणी द्यावं. मेच्या उकाड्यात शालू आणि दागिने घालून होमाशेजारी तासन्‌तास बसायचं आहे. तिच्याजवळ एक मैत्रीण किंवा बहीण अशी ठेवावी, जिच्याकडे पाणी, सेफ्टी पिना आणि तिचा मोबाइल एवढंच काम असेल. कोठीची किल्ली, आहेराची वही आणि गुरुजींची दक्षिणा हीसुद्धा तीन माणसांची तीन कामं. ती वधूच्या आईकडे देऊ नयेत. स्वतःच्या मुलीचं लग्न कोठीच्या दारातून बघणाऱ्या आया मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

घाई करू नये अशी एक जागा मात्र आहे, आणि नेमकी तिथेच सगळ्यांना घाई असते. अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाकडे वळतात आणि सप्तपदी रिकाम्या खुर्च्यांसमोर उरकली जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ नुसार, ज्या विधीत सप्तपदी आहे तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतल्याने या कायद्याखाली विवाह होत नाही. म्हणून गुरुजींना प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायला आधीच सांगून ठेवावं, फोटोसाठी पावलं मागे घ्यायला लावू नयेत, आणि दोन्हीकडच्या आईवडिलांनी त्या वेळी तिथेच बसावं.

विधी नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात दोघांपैकी एकाचा जिल्ह्यात किमान तीस दिवस रहिवास लागतो, नोटिशीनंतर तीस दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. त्या हिशेबाने हॉलची तारीख ठरवावी, उलट नको. पारंपरिक लग्न असलं तरी १९९८ च्या राज्य कायद्यानुसार नव्वद दिवसांत नोंदणी करायची असते. त्यासाठी पत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांचे वय आणि पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही लागते. गुरुजींची सही त्याच दिवशी मांडवात घेऊन टाकावी, नंतर ते हंगामभर सापडत नाहीत. भेटवस्तूंचीही यादी करावी. १९८५ च्या नियमांप्रमाणे वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून वधूवर दोघांनी सही करायची असते. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूकडेच राहते, आणि तिची एक प्रत माहेरीही असू द्यावी.