पारा म्हातारा होत नाही

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीलगत राहणाऱ्या माणसास रक्तदाब मोजण्यापूर्वी ठोके थांबण्याची वाट पाहावी लागते. हृदयाचे नव्हे, हातोड्यांचे. अशाच एका विसाव्याच्या वेळी शेजारच्या आजींच्या दंडास पट्टा बांधून मी फुगा दाबू लागलो, तो मोठ्या मिनतवारीने दीडशेच्या पुढे चढलेला पारा माझी नजर स्थिरावते न स्थिरावते तोच सरसर खाली आला, आणि आजींनी ‘पारा म्हातारा झाला, आता नवं यंत्र आणा’ असा निवाडा देऊन टाकला. हा निवाडा पुष्कळ घरांत होतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो.

म्हातारे होते ते रबर. यंत्राचे वस्तुतः दोन भाग: एक दाब दाखविणारा, म्हणजे पाऱ्याची नळी किंवा काट्याची तबकडी, आणि दुसरा हवा कोंडून धरणारा, म्हणजे कापडी पट्ट्याच्या पोटातील रबरी पिशवी, तिच्या दोन नळ्या, हाताचा फुगा आणि हवा सोडण्याची चावी. घड्या पडून, घाम लागून जीर्ण होतो तो हा दुसरा भाग, आणि त्याचा प्रत्येक जिन्नस सर्जिकलच्या दुकानात सुटा मिळतो. पुण्यातच तयार होणाऱ्या ‘डायमंड’ यंत्रांचेही तसेच आहे.

‘थोडी हवा गेली तर काय बिघडले, फुगा चार वेळा अधिक दाबावा,’ ही दुसरी समजूत मात्र अधिक घातक आहे. पारा सेकंदास २ ते ३ मिलिमीटर या संथ गतीने उतरावा असा वैद्यकाचा दंडक आहे, कारण नाडी मिनिटास ६० पडत असताना तो सेकंदास १० मिलिमीटर घसरला, तर दोन ठोक्यांमधील १० मिलिमीटर कानावाचून निसटतात. परिणामी वरचा आकडा खऱ्याहून कमी आणि खालचा खऱ्याहून अधिक लिहिला जाण्याचा संभव असतो.

गळती अजमावण्यास दंड नको, दंडाएवढा पितळी डबा पुरे. त्यावर पट्टा गुंडाळून, चावी घट्ट करून पारा २०० वर नेला आणि मिनिटभर पाहिले. ४ मिलिमीटरपर्यंतचा उतार क्षम्य, येथे तो चाळीसाच्या घरात होता. मग फुग्याकडची नळी दुमडून चिमटली. उतार थांबला असता तर दोष फुग्याचा अथवा चावीचा. तो थांबेना, तेव्हा पिशवी काढून साबणाचे पाणी लावले, आणि नळी जेथे पिशवीस जोडलेली असते त्या मानेशी बारीक बुडबुड्यांची रांग उठली. सायकलच्या ट्यूबप्रमाणे ठिगळ लावण्याची सूचना लगेच आली. परंतु विटलेल्या रबरास एका जागी बुजविले की ते शेजारी तडकते.

‘पिशवी कोणतीही चालते’ ही समजूत तर यंत्राच्या जन्माइतकी जुनी. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी जो पट्टा योजिला तो जेमतेम ५ सेंटिमीटर रुंद होता व दाब वाजवीहून अधिक दाखवी. १९०१ मध्ये फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. आज नियम असा की पिशवीची (कापडाची नव्हे) रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के व लांबी ८० टक्के असावी. ३० सेंटिमीटर घेरास १२ बाय २४. स्थूल दंडास लहान पिशवी बसविली तर धडधाकट माणूसही रोग्यांच्या यादीत जातो.

योग्य मापाची नवी पिशवी बसविल्याने मोजमाप बिघडत नाही, कारण दाब तबकडी किंवा पारा मोजतो. तथापि काटा शून्यावर उभा आहे एवढ्यावरून तो वर १५० पाशीही खरे बोलेल असे समजू नये. त्याची पडताळणी खात्रीच्या यंत्राशी जोडून निरनिराळ्या दाबांवर करावी लागते. आणि पाऱ्याची नळी घरी उघडू नये, हे सांगणे नलगे. पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारान्वये नव्या पाऱ्याच्या यंत्रांच्या उत्पादनास २०२० ची मुदत घातली गेली, ती या विषापायीच.

नवी पिशवी बसवून दुपारी हातोडे थांबताच पुन्हा मोजले. एरवी १४० च्या आत राहणारा वरचा आकडा १४८ निघाला. आजींनी नवी पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “जुनीच बरी होती.”