मुंबई ते न्यूयॉर्क : जायला सोळा तास, यायला चौदा

लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांच्या हाती तिकीट पडलं, की घरात हिशेब सुरू होतात. समजा, विमान मुंबईहून रात्री दोनला सुटतं आणि त्याच सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरतं. म्हणजे साडेपाच तासच? नाही. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्याच्या हिशेबाने हा प्रवास सोळा तासांचा.

पण खरं कोडं परतीचं आहे. तेच अंतर कापायला येताना साधारण चौदा तास का लागतात? यावर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे पृथ्वी फिरते म्हणून. ते पटण्यासारखं वाटतं, पण नीट पाहिलं तर उलटंच निघतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मुंबईची जमीन ताशी सुमारे 1,580 किलोमीटर वेगाने पूर्वेला सरकते. विमानाखालून जमीन अशी निसटत असती, तर पश्चिमेकडचं न्यूयॉर्क आपणहून जवळ आलं असतं आणि जाणंच सोपं झालं असतं. तसं होत नाही, कारण जमिनीबरोबर हवाही फिरते आणि धावपट्टीवर उभ्या विमानालाही तो वेग आधीच मिळालेला असतो. धावत्या एसटीत उडवलेलं नाणं परत हातातच पडतं, तसंच हे.

फरक पाडतो तो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानातल्या तफावतीतून ते जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतात. तेव्हा पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण वाऱ्याच्या मार्फत. हिवाळ्यात हा वारा कधी ताशी 300 किलोमीटरही गाठतो. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी 1,300 किलोमीटरवर गेला होता, तरी ध्वनीची मर्यादा ओलांडली गेली नाही, कारण विमानाभोवतीची हवाच धावत होती.

दुसरा गैरसमज भिंतीवरच्या नकाशाने रुजवला आहे. त्यावर पट्टी ठेवली की रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक अशी जाते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वेवरून आइसलंडपर्यंत चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडात उतरतो. हे अंतर भरतं सुमारे 12,500 किलोमीटर.

मात्र प्रत्यक्ष विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. वारा टाळायला वैमानिक वाट वाकवतात आणि बंद आकाशालाही वळसा घालावा लागतो. अमेरिकी विमानांना 2022 पासून रशियाचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. म्हणून अंतराला ताशी 900 ने भागून आलेल्या तासांवर विसंबू नका. छापील वेळेत तर धावपट्टीपर्यंत जाण्यायेण्याची मिनिटंही धरलेली असतात.

वडीलधाऱ्यांचं तिकीट काढताना आणखी एक बघा. ‘डायरेक्ट’ म्हणजे वाटेत थांबणार नाही, असं नव्हे. फ्लाइटचा नंबर तोच ठेवून विमान मध्ये उतरू शकतं. न थांबणारं विमान हवं असेल, तर ‘नॉनस्टॉप’ लिहिलंय का ते पाहा.